पद्माक्का स्थळं बघतात

पद्माक्का कुठल्याही वर्गात पहिल्यांदा शिरल्या की आधी पंख्याकडं बघायच्या, मग पाण्याच्या नळाकडं आणि सगळ्यात शेवटी सरांकडं. शिल्पकलेच्या सरांना तर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पाणी रोज येतंय का दिवसाआड? अन् घरात माणसं किती?" सर बिचारे तीस वर्षं मातीत हात घालून बसलेले. त्यांना काही उमगेना. शेवटी मी त्यांच्या कानात सांगितलं, की अक्का स्थळ बघायला आल्यात.

आमच्या कला महाविद्यालयात पहिल्या वर्षी सगळं थोडं थोडं शिकवायचे. महिनाभर रंगकाम, महिनाभर माती, मग छापचित्र, जाहिरातकला, विणकाम. वर्ष संपताना एक शाखा निवडायची आणि पुढची वर्षं तिच्यातच काढायची. आम्ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं. मित्र जिकडं जाईल तिकडं जायचं एवढीच आमची अक्कल. मला तर माळशिरसहून निघतानाच वडिलांनी सांगून ठेवलं होतं, जाहिरातीच्या लाइनला जा, बाकी नाद करू नको. म्हणजे माझा प्रश्न एसटीत बसायच्या आधीच सुटलेला.

अक्का पंचावन्नच्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या तेलुगू घरातल्या. आयुष्यभर विड्या वळल्या, दोन पोरं शिकवली. नवरा गेला, पोरं पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा बाईंनी बाहेरून दहावी दिली, मग बारावी, आणि एक दिवस सरळ आमच्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसल्या. आम्हाला वाटलं कुणाची तरी आई डबा द्यायला आली. डबा होताच म्हणा. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेलाची बाटली वेगळी. पुढं वर्षभर आम्ही अर्धा वर्ग त्या डब्यावर जगलो.

त्यांच्या डोक्यात प्रत्येक शाखा म्हणजे एक स्थळ होतं. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, पोरगी द्यायची तर घर बघून द्यावी की. मग महिनाअखेरीला जिन्यात बसून आम्हाला निकाल ऐकवायच्या. तैलरंगाबद्दल म्हणाल्या, दिसायला देखणा हाय, पण वाळायला लई दिवस घेतो, तवर संसार कुटं करायचा? छापचित्राचं घर त्यांना मुळीच पसंत पडलं नाही. ॲसिडचा वास, आणि सरळ काढलं की उलटं उमटतं. असल्या घरात सुनेनं बोलावं तरी कसं! जाहिरातकलेचं घर म्हणे सारखं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत असतं. ते माझं घर. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही आणि त्यांचा डबाही खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

सगळ्यांना वाटायचं, ही बाई विणकामच घेणार. मागाच्या खडखडाटात जन्मलेली, दुसरं काय घेईल! विणकामाच्या मॅडमनी त्यांच्यासाठी एक मागसुद्धा राखून ठेवला होता. अक्का दारातच थांबल्या, सुताला हात लावून बघितला आणि परत फिरल्या. "हे माहेर की," म्हणाल्या. "माहेरातच कुणी पोरगी देतं का?"

मातीच्या महिन्यात मात्र गंमत झाली. सरांनी सगळ्यांना गोळा दिला आणि म्हणाले, आज हातांना येईल ते करा, विचार करू नका. अक्का आमच्याशी गप्पा मारत बसल्या. विषय होता नवी पेठेतल्या रंगवाल्याचा. त्याच्या दुकानात त्या रंगाच्या ट्यूबा वांगी दाबून बघावीत तशा दाबायच्या आणि तो कळवळायचा. बोलता बोलता सर आले, बघतात तर अक्कांच्या पुढ्यात मातीच्या विड्यांची रांग. सगळ्या एका मापाच्या, तोंडं नीट मिटलेल्या, जुड्या बांधायच्याच काय त्या बाकी. वर्ग हसून लोळला. अक्काही हसल्या, पण मग त्यांनी खाली बघितलं आणि सगळं एका हातानं चेपून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या मोठाच गोळा घ्यायला लागल्या. दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा. बोटं लावायच्याच नाहीत. कोपरानं, मनगटानं, तळव्यानं मारायच्या. बोटं लावली की मेली विड्याच वळतात, म्हणायच्या. महिना संपला, पुढचं स्थळ सुरू झालं, तरी मधल्या सुट्टीत त्या मातीच्या खोलीतच सापडायच्या. मी चिडवलं, काय अक्का, इथं जास्तच येणंजाणं वाढलंय! त्या लाजल्या. खरंच सांगतो, पंचावन्न वर्षांची बाई लाजली.

वर्ष संपत आलं तसा त्यांचा थोरला मुलगा पुण्याहून फोन करायला लागला. नातवाला सांभाळायला माणूस हवं होतं, अक्कांसाठी खोली तयार होती, नवा पलंगसुद्धा आणला होता. वाईट नव्हता तो. आईच्या हातापायांना आता विसावा मिळावा एवढंच त्याला वाटायचं. अक्का त्याला हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. शाखा निवडली नाही तर नाव कमी होणार, आणि मग पुणंच. आम्ही सगळे कानीकपाळी ओरडायला लागलो, अक्का, माती घ्या, माती घेते म्हणून सांगून टाका. एकदा मी जास्तच मागं लागलो तर फाडकन म्हणाल्या, "तू नको सांगूस." वर्षभरात तेवढ्याच एकदा रागावल्या.

शेवटच्या दिवशी प्राचार्य एकेकाला केबिनमध्ये बोलवत होते. माझा नंबर अक्कांच्या मागं, म्हणून मी दारातच उभा होतो. त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला होता, तोही माझ्या शेजारी येऊन थांबला. प्राचार्य सरांनी कागदातून मान वर न काढताच विचारलं, "हं अक्का, तुम्हाला काय पाहिजे?"

"माती."

एका क्षणात. प्रश्न संपायच्या आत बाईचं उत्तर तयार. सरांनी लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं. मी आत पाऊल टाकलं, पण अक्का खुर्चीवरून उठेनात.

"सर," त्या म्हणाल्या, "परत एकदा विचारा की."

सरांना वाटलं, बाईंचा विचार बदलला. त्यांनी तसं म्हटलंही. अक्कांनी मान हलवली. मग अगदी हळू बोलल्या. "लग्न ठरलं तवा मी आत विड्या वळत होते. बाहेर पावणे बोलत होते. कुणाचं लग्न, ते मला शेजारणीनं सांगितलं. त्याच्यानंतर बी कुणी विचारलं न्हाय, मला काय पाहिजे म्हणून. आज तुमी विचारलं, पण मी गडबडीत बोलून गेले."

माझ्या शेजारी मुलगा खाली मान घालून उभा होता. सरांनी पेन ठेवलं. चष्मा काढला. खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली आणि अक्कांकडं नीट बघत एकेक शब्द उच्चारला, "अक्का, तुम्हाला काय पाहिजे?"

या वेळी अक्कांनी घाई केली नाही. पदर सारखा केला. खिडकीबाहेर बघितलं, भिंतीकडं बघितलं, दारातल्या मुलाकडं बघितलं. आम्ही सगळे थांबलो होतो. त्या आम्हाला चांगलं थांबवून बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड आनंदानं नुसतं फुललं होतं. मला रडू आवरेना.

"सांगते की," अक्का म्हणाल्या. "जरा थांबा."