सासूबाईंना दिलेली गोळी

गोळी माझी, कंबर माझी, डॉक्टरही माझेच. त्यात सासूबाईंना ओढायचं काही कारण नव्हतं. पण घरी आलेल्या माणसाला आपल्यातलं काही दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. (आमची ही, म्हणजे पूनम, याला ‘नको तिथं शहाणपणा’ म्हणते.)

झालं असं, की मंगळवेढ्याहून वर्षाच्या ज्वारीचं पोतं आलं. रिक्षावाला तो कट्टा आत ठेवतो म्हणत होता. "पन्नास किलो तर आहे," असं म्हणून मीच वाकलो आणि तसाच राहिलो. मला दोघांनी धरून आत नेलं. कट्टा मात्र उंबऱ्यातच राहिला.

डॉक्टरांनी स्नायू सैल पडायची गोळी दिली. "रात्री जेवल्यावर एकच, पाच दिवस. झोप येते, तेव्हा गाडी चालवायची नाही. दारू नाही, झोपेची दुसरी गोळी नाही. आणि अण्णाराव, ही फक्त तुमच्यासाठी." मी मान हलवली. एकोणतीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस परिपत्रक ऐकताना हलवतो, तशी.

तिसऱ्या दिवशी अक्कलकोटकडून दानम्मा, म्हणजे आमच्या सासूबाई, जावयाची कंबर बघायला आल्या. आल्या आल्या माझ्यासमोर त्यांनी बीपीची गोळी घेतली. दुपारी पूनम ब्लाउज आणायला नव्या पेठेत गेली. थोड्या वेळानं अंगणात जायला सासूबाईंनी तो कट्टा ओलांडला आणि "अय्यो!" करून कंबर धरली. घरात यजमान मी एकटा. चहा मला जमत नाही. म्हणून गोळी दिली.

"घ्या की आई. लई गुण येतो."

त्यांनी गोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमी देताय म्हणल्यावर घेते की, जावईबापू," म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दहा मिनिटांनी डोकावलो, तर चटईवर गाढ झोपलेल्या. उशाशी एक छोटी डबी. सुपारीची असावी.

मग मी खोक्यातला कागद वाचायला घेतला. (हे काम आधी करायचं असतं.) अक्षर मुंगीएवढं. वयस्कर माणसांनी जपून. बीपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. सासूबाई सत्तरीच्या!

"आई!" मी दारातून हाक मारली. काही नाही. आत जाऊन हलवायचं, तर जावयानं सासूच्या अंगाला हात लावू नये, हे आमच्यात कुणी न सांगता पाळतात. बावीस वर्षांत माझा हात त्यांच्या पावलांच्या वर गेलेला नाही. मी रिकामा मिक्सर लावला. कुकरचं झाकण फरशीवर आपटलं. शेजारचे विचारायला आले, काय पडलं म्हणून. सासूबाई हलल्यासुद्धा नाहीत.

पूनम ब्लाउज घेऊन येणार, आणि मी तिला सांगणार काय? तुझ्या आईला मी मारलं?

डॉक्टरांना फोन लावला. "एखाद्यानं ती गोळी दुपारी घेतली तर?"

"तुम्ही घेतलीत?"

"एखाद्यानं."

"एखाद्याचं वय काय?"

"सत्तर. बीपी आहे."

मग ते ओरडलेच. "अण्णाराव, हलवून उठवा त्यांना! श्वास नीट चाललाय का बघा. उठल्या नाहीत तर माझी वाट न बघता १०८ ला फोन करा!"

रीतभात गेली खड्ड्यात. मी आत धावलो, वाकलो, खांदा धरून गदागदा हलवलं. सासूबाई दचकून उठून बसल्या. माझी कंबर मात्र पुन्हा आखडली. मी त्यांच्या पुढ्यात काटकोनात, ना वर ना खाली.

"एवढं कशापायी वाकायचं? आयुष्यवंत व्हा," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आई, गोळी! गोळी!"

त्यांनी सावकाश ती डबी उघडली. आतून कानाचं मशीन निघालं आणि कानात बसलं. "हां, आता बोला."

"गोळी गिळलीत ना?"

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत गोळी, जशीच्या तशी.

"जावयाला न्हाय म्हणू नये, म्हणून घेतली. पर आमच्या डॉक्टरला इचारल्याबिगर मी गिळती व्हय? रात्री तीनला उठून पहिली एस्टी धरली, म्हणून डोळा लागला."

मला हसू आलं की रडू, ते अजून ठरलेलं नाही. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "गोळी तीच ठेवा. सांभाळणारं माणूस बदला." पूनमनं आल्यावर सगळं ऐकून घेतलं, मिक्सरसकट, आणि गोळ्यांचं पाकीट आईच्या हवाली केलं. रात्री जेवल्यावर सासूबाईंनी त्यातून एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "गिळा. आ करा. जीब वर करा." मी केली, आणि झोपलो.

सकाळी उंबरा मोकळा. कट्टा गायब, ज्वारी कोठीत.

"कुणी उचलला?" मी विचारलं.

"उचलतंय कोण?" सासूबाई म्हणाल्या. "पातेल्यानं भरभरून आत ओतली. पोत्याचं तोंड धरायला तुमाला उठवाया आलो, तर तुमी उठलाच न्हाई. पूनमनं मिक्सर पन लावून बघितला."