आत घेतलेला होकार

मुलाखतीसाठी हाबतोमने इस्त्रीचा सदरा घातला, गळ्याचे बटणही लावले. सिग्ने आजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि ते बटण आधी सोडायला लावले.

"अरे, गळा आवळून घेतलास तर उत्तरं कुठून येणार?"

"उत्तरं कमीच द्यायची असं कालच म्हणालात ना तुम्ही?"

"कमीच द्यायची. फार बोलणारा माणूस काहीतरी विकायला आलाय असं वाटतं. हो म्हण, नाही म्हण, कॉफी दिली तर पी आणि ये. आणि माझे मोजे आधी चढव, मग जा."

हाबतोमने आजींचे पाय चोळले, त्यांना घट्ट मोजे चढवले, पायऱ्यांवरचा बर्फ ओढला आणि तो निघाला. ग्रानफोर्समधल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे हवे-नको पाहायचे, हीच त्याची नोकरी. इरिट्रियाहून निघालेला हा गडी कुठून कुठून फिरत स्वीडनच्या पार उत्तरेला, या नदीकाठच्या गावात येऊन टेकला होता. इथे राहण्याचा परवाना होता, पण मुदतीचा. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणे. आता त्याने कायमच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, आणि आजची मुलाखत त्याचीच. तो मिळाला की सेनाइतला बोलावून घेता येणार होते. सेनाइत म्हणजे त्याची बायको. ती शेजारच्या देशात, अदिस अबाबाला बहिणींबरोबर एका खोलीत राहत होती. लग्नानंतर दोघांचा संसार झाला तो जेमतेम एका ईस्टरपासून दुसऱ्या ईस्टरपर्यंत. पुढचा सगळा फोनवर.

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढचे काही उमगायचे नाही. कीर्तनात बुवा रंगात आले की श्रोता "हं" म्हणून हुंकार भरतो. तो हुंकार आपण श्वास सोडून भरतो. हाबतोमच्या मुलखात तो श्वास आत ओढून भरतात. समोरचा बोलत असला की ऐकणारा मध्येच आवाज करून श्वास घेतो: हा. परक्याला वाटावे, याच्या पायावरून पाल गेली. पण त्याचा अर्थ एवढाच की, हो, किंवा ऐकतोय, पुढे बोला.

आणि देवाची करणी अशी, की ग्रानफोर्सची माणसेही हो म्हणायला तोंड उघडत नाहीत. ओठांचा चंबू करतात आणि श्वास आत ओढतात: श्शुप. झाला होकार. हाबतोम पहिल्यांदा या भागात आला तेव्हा त्याने बसवाल्याला विचारले होते, "ही बस ग्रानफोर्सला जाते का?" बसवाला रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "श्शुप." हाबतोम सीटवर जाऊन बसला आणि सबंध रस्ताभर त्याला आपली आई आठवत राहिली. सगळे जग घडवताना देवाने एकच श्वास दोन टोकांना ठेवून दिला होता, आणि हाबतोमला नेमके त्यातल्याच दुसऱ्या टोकाला आणून सोडले होते.

परवान्याच्या कचेरीची प्रमुख गुन-ब्रिट ही सिग्ने आजींची लेक. फाइलवर नाव वाचल्याबरोबर तिने ती दूर सारली. "हा माझ्या आईचे पाय चोळतो. या फायलीला मी हात लावणं बरं दिसत नाही." तसा नियमच होता. त्यामुळे फाइल गेली हेन्निंगकडे. हेन्निंग नाताळानंतर बदलून आलेला, स्वीडनच्या पार दक्षिण टोकाचा. स्वभावाने सज्जन, कामाला वाघ, पण बोलणे दक्षिणेकडचे. उत्तरेतले लोक म्हणतात, तिकडची माणसे घशात लापशी धरून बोलतात. शिवाय हेन्निंग भरभर बोले, आणि ग्रानफोर्समध्ये भरभर बोलायची कुणाला सवय नव्हती.

"बसा," हेन्निंग म्हणाला. "तुम्ही ग्रानफोर्समध्येच राहता ना?"

हाबतोमने श्वास ओढला. "हा."

हेन्निंगची पेन्सिल कागदावर थबकली. हा माणूस एकदम का दचकला?

"घाबरू नका. साधे प्रश्न आहेत."

"हा."

"नोकरी पक्की आहे?"

"हा."

"मध्ये फार दिवस देशाबाहेर होता का? पोलिसांशी कधी काही संबंध आला?"

एवढ्या लांबलचक लापशीतून हाबतोमच्या हाती 'पोलिस' हा एकच शब्द लागला. बाकीचे कळल्याशिवाय उत्तर देऊ नये असे त्याच्या मनाने घेतले, आणि साहेबांनी पुन्हा नीट सांगावे म्हणून त्याने अदबीने हुंकार भरला. "हा."

हेन्निंगने पेन्सिल खाली ठेवली. "काय झालं होतं?"

"कुठं?"

"पोलिसांच्या बाबतीत."

हाबतोम सच्चा माणूस. त्याने आठवून आठवून सांगितले, "सिग्ने आजींचं मांजर हरवलं होतं. तेव्हा पोलिसांना फोन केला होता."

"कुणी?"

"मी."

"मग?"

"मांजर कपाटात होतं."

हे कुठल्या रकान्यात लिहायचे ते हेन्निंगला कळेना. माणूस चांगला दिसतो, पण साध्या प्रश्नालाही दचकतो. म्हणजे एकतर काहीतरी लपवतोय, नाहीतर बिचाऱ्याला भाषाच कळत नसावी. दुसरे असावे अशी मनोमन इच्छा धरून त्याने फोन लावला आणि दूरच्या शहरातल्या, हाबतोमची तिग्रिन्या भाषा बोलणाऱ्या दुभाष्याला गाठले. फोनचा आवाज त्याने मोठा केला.

"हे पाहा, अर्जदार प्रत्येक प्रश्नाला दचकतायत. त्यांना कशाची भीती वाटते, एवढं विचारा."

फोनमधून आवाज आला, "हा."

हेन्निंगने फोनकडे पाहिले. "तुम्हाला काय झालं?"

"मला? काही नाही. बोला, ऐकतोय."

"तुम्हीही दचकलात."

"मी सोफ्यावर बसलोय साहेब," दुभाषा शांतपणे म्हणाला. मग तो तिग्रिन्यात हाबतोमला म्हणाला, "भाऊ, हे साहेब कुठले?"

"दक्षिणेकडचे."

"म्हणूनच. माझ्या निम्मं डोक्यावरून गेलं."

"काय म्हणतायत ते?" हेन्निंगने विचारले.

"ओळख करून घेतोय," दुभाषा म्हणाला. "हं, तुमचं चालू द्या."

"पण ते श्वास असा का घेतायत? बरं वाटत नाही का त्यांना?"

"हा," दुभाष्याने हुंकार भरला, आणि तो पुढचे वाक्य जुळवू लागला. तेवढ्यात हेन्निंग उठून दाराबाहेर गेलासुद्धा. एक माणूस खोलीत धापा टाकतोय, दुसरा फोनच्या पलीकडे. फोनवाल्याचे काय कारण असावे ते त्याला सुचेना, पण खोलीतल्या हवेत नक्की काहीतरी बिघाड होता.

शेजारच्या खोलीत गुन-ब्रिट पुढच्या आठवड्याच्या कामाच्या पाळ्या लावत बसली होती.

"गुन-ब्रिट, माझ्या खोलीतल्या माणसाला श्वास नीट घेता येत नाहीये. हवेत काही आहे का?"

"श्शुप," गुन-ब्रिट संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. तिने त्यातले 'हवा' एवढेच ऐकले होते, आणि हवा होतीच.

हेन्निंग पांढराफटक पडला. "तुलाही होतंय?"

"श्शुप."

"डोकं जड वाटतंय?"

"या पाळ्या लावताना नेहमीच."

हेन्निंगने आणखी काही विचारले नाही. बदलीच्या वेळी सुरक्षेचे जे शिक्षण मिळाले होते ते त्याने लक्ष देऊन ऐकले होते. भिंतीवरचे लाल बटण त्याने दाबले.

त्या इमारतीत कचेरीबरोबर गावाचे वाचनालय होते आणि दातांचा दवाखानाही होता. घंटा वाजली आणि सगळे बाहेर आले. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. वाचनालयातली माणसे पुस्तके हातात घेऊन आली. दवाखान्यातला एक गृहस्थ अर्धा गाल बधिर झालेल्या अवस्थेत, गळ्याला बांधलेल्या कागदासकट आला. गाड्या लावायच्या जागेत 'इथे जमा' अशा पाटीखाली सगळे गोळा झाले आणि बर्फात शांत उभे राहिले. काय झाले म्हणून कुणी विचारले नाही. सांगायचे असेल तर कुणीतरी सांगेलच. हेन्निंग अंगात पिवळे जाकीट घालून माणसे मोजत होता. स्वतःचा कोट आतच राहिला हे त्याच्या ध्यानीही नव्हते. पायातही कचेरीतल्याच चपला.

अग्निशमनाचा विल्गोत आला. सगळी इमारत हातातल्या यंत्राने हुंगून परत आला.

"कुणाला धाप लागली होती?"

"सगळ्यांना," हेन्निंग म्हणाला.

"आत गॅस नाही."

"खात्री आहे?"

"श्शुप," विल्गोत म्हणाला.

हेन्निंगने त्याचा दंड धरला. "बसा, बसा इथं. गुन-ब्रिट, यांनाही बाधलं ते."

गुन-ब्रिटच्या तोंडाचा एक कोपरा किंचित वर गेला. तिला ओळखणाऱ्यांना कळले, की ती पोट धरून हसतेय.

"हेन्निंग, अरे, तो हो म्हणतोय."

"कशाला हो?"

"तू विचारलंस त्याला. आम्ही असंच म्हणतो हो. आत."

नाताळापासूनची सगळी माणसे हेन्निंगच्या डोळ्यांपुढून गेली. "म्हणजे त्या किराणा दुकानातल्या बाई..."

"त्यांना तू दम्याच्या डॉक्टरचा नंबर लिहून दिलास. कळलं आम्हाला. फार मायेचा माणूस आहे म्हणाल्या."

"आणि हाबतोम?"

"आमच्याकडंही तसंच आहे," हाबतोम म्हणाला. "फक्त ओठ उघडे."

"म्हणजे तुमची सगळी उत्तरं हो होती?" आणि मग हेन्निंगच्या लक्षात आले. "पोलिसांचंसुद्धा?"

"नाही, नाही. ते 'ऐकतोय' होतं."

"दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?"

हाबतोम आणि विल्गोत दोघांनीही यावर विचार केला. "ऐकत राहिलं की कळतं," विल्गोत म्हणाला आणि आपल्या गाडीकडे गेला.

घंटा बंद करून पुन्हा आत सोडायला अजून वेळ होता. हाबतोमला वेगळीच काळजी लागली. मुलाखत अर्धी राहिली तर पुन्हा तारीख, आणि ती तारीख कधी येईल ते देवाला ठाऊक. तोवर मुदत संपायची. तो पुढे झाला. "साहेब, इथंच विचारलंत तरी चालेल. मी शब्दांत सांगतो."

हेन्निंगला ते पटले. गुन-ब्रिटने नियम पाळायचा म्हणून दोघांकडे पाठ केली आणि दिव्याच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली. हेन्निंगने सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारले, आणि हाबतोमने खणखणीत हो, खणखणीत नाही अशी उत्तरे दिली. ग्रानफोर्समध्ये राहतो, हो. नोकरी पक्की, हो. गुन्हा, नाही. मांजराचे प्रकरण दोघांच्या संमतीने वगळण्यात आले.

"मग एकच राहिलं," हेन्निंग म्हणाला. "दक्षिणेत कामं जास्त, थंडी कमी. तुम्हाला इथंच का राहायचंय कायमचं?"

हाबतोमने वेळ घेतला. "इथं बोलताना मला कुणी घाईत पुढं ढकलत नाही. सिग्ने आजींकडं तासभर आम्ही दोघं चार शब्द बोलतो, आणि घरी जाताना वाटतं, खूप गप्पा झाल्या." मग जे विचारायचे नाही असे त्याने ठरवले होते तेच तोंडून गेले. "साहेब, मिळेल ना मला? सेनाइतला काय सांगू?"

त्याच क्षणी नदीकडून वारा आला. हेन्निंगच्या अंगात कोट नव्हता, चपलांत बर्फ शिरला होता. त्याच्या ओठांचा आपोआप चंबू झाला आणि श्वास आत गेला.

"श्शुप."

हाबतोम जागच्या जागी उभा राहिला. गुन-ब्रिट खांबाकडून वळली. गाडीपाशी विल्गोतने मान डोलावली. हाबतोमने खिशातून फोन काढला, तिग्रिन्यात दोनच शब्द बोलला, आणि अदिस अबाबाच्या त्या खोलीतून किलकारी उठली. आधी एका बाईची, मग बहिणींची, मग बहुधा शेजारणींचीही. जिभेच्या टोकावर खेळवलेला तो लांब, उंच स्वर फोनमधून निघून बर्फावरून पार वाचनालयाच्या भिंतीपर्यंत गेला. अर्ध्या गालाच्या गृहस्थाने डोक्यावरची टोपी काढली.

"ते... तसं नाही," हेन्निंग गुन-ब्रिटजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाला. "मला थंडी वाजली."

"काय?"

"तो होकार नव्हता. थंडी होती. निर्णय लेखी द्यायचा असतो. आणि अजून दोन कागद तपासायचेत मला."

"या प्रकरणात मला बोलता येत नाही," गुन-ब्रिट म्हणाली. "तो माझ्या आईचे पाय चोळतो."

"ते माहीत आहे. पण मी करू काय?"

गुन-ब्रिटने पुन्हा खांबाकडे तोंड केले. "मी या खांबाला सांगतेय हं. आत घेतलेला होकार पुन्हा बाहेर काढायची आमच्या गावात रीत नाही."

ते दोन कागद हेन्निंगने दुपारी तपासले. ते बरोबर निघाले, आणि सही झाली. पण ते सगळे दुपारी. आत्ता हाबतोम त्याच्यासमोर फोन धरून उभा होता.

"सेनाइतला तुमच्याशी बोलायचंय."

"मला त्यांची भाषा येत नाही."

"ते तिला माहीत आहे."

हाबतोमने आपला कोट काढून हेन्निंगच्या खांद्यांवर टाकला आणि फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून एक बाई बोलू लागली. ती आशीर्वाद देत होती, की आपली हकिकत सांगत होती, की नुसतीच रडत होती, हे कळायला काही मार्ग नव्हता. बोलता बोलता ती थांबली. आता आपण काहीतरी म्हणायला हवे हे हेन्निंगला कळले. काय, ते कळले नाही. त्याने ओठ थोडे उघडले आणि श्वास आत ओढला.

पलीकडे बाईला धीर आल्यासारखे झाले, आणि ती पुढे बोलू लागली. पुन्हा थांबली. हेन्निंगने पुन्हा हुंकार भरला. घंटा बंद झाली, माणसे आत निघून गेली, तरी तो त्या पाटीखाली बर्फात तसाच उभा होता. ती काय म्हणते ते त्याला कळत नव्हते. पण ती कुठे थांबते, ते आता बरोबर कळू लागले होते.