खुर्च्या सहाशे, मटणासकट

कॉम्प्युटरच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या पडघ्यात कोणी नाही! मी स्वतः सांगतोय म्हणून खोटं समजू नका. कशेळीच्या ज्या गोडाऊनमध्ये मी नोकरीला आहे, तिथली सगळी सिस्टिम मी बसवलीय. कुठून काय उचलायचं त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवायची, बस्स! दुपारी चारला ती आपोआप ट्रान्सपोर्टवाल्यांना जाते, वर 'ताबडतोब चढवा आणि कशेळीला आणा' असं छापून! आणि गेटवर एकदा नोंद झाली की तो माल चोवीस तास बाहेर जाऊ शकत नाही. चोरीचं नावच नको! मधेच सोडायचा तर माझा पासवर्ड लागतो.

हे सगळं चालायचं ऑफिसच्या एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर. तो इतका तापायचा की वर पापड भाजून घ्यावा. अशात हेड ऑफिसचं फर्मान आलं, जुने लॅपटॉप परत करा! आमचे मॅनेजर हितेशभाई पांढरेफटक पडले.

"देवेश, सिस्टिमचं काय रे आता?"

"टेन्शन घेऊ नका, भाई! अख्खा लॅपटॉप उचलून माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये टाकतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. शरीर हेड ऑफिसला, आत्मा आपल्याकडे!"

"आत्मा तुझ्या घरी?"

"घरी! शुक्रवारी बहिणीची हळद आहे, तेव्हाही घरूनच काम करतो. माझी सुट्टी वाचेल, तुमचं काम होईल."

"बघ हां. गडबड झाली तर तुझी खुर्ची गेली समज."

रविवारी आठ तास कॉपी चालली. संध्याकाळी बटण दाबलं आणि काय सांगू! माझ्या घरच्या स्क्रीनवर ऑफिसचा लॅपटॉप जिवंत झाला! तीच चिन्हं, तीच फोल्डरं, डेस्कटॉपवर आमच्या बैलजोडीचा तोच फोटो! मी खोलीत एकटाच नाचलो. बाबांना ओढून आणलं.

"ह्याच्यात तुजा आख्खा हापीस हाय?"

"हाय बाबा, अख्खा!"

"मंग हितेशभाई कुठं दिसत न्हाय तो?"

असो. शुक्रवार उजाडला. दारात मांडव पडला, खुर्च्या लागल्या, मागे मटण शिजायला लागलं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी! दुपारी पूर्वी, म्हणजे आमची नवरी, म्हणाली, "दादूस, घरी काय काय आलंय त्याची यादी कर. नंतर मांडववाला वाद घालतो."

मी लगेच बसलो. सवयीने वर घरचा पत्ताही घातला. खुर्च्या ६००, टेबलं ४०, पातेली ९, मटणासकट. बैलजोडीच्या डेस्कटॉपवर यादी ठेवली आणि फुलं आणायला बाईकवरून भिवंडीला गेलो.

आता बैलजोडीचा फोटो घरच्या कॉम्प्युटरवरही होता आणि आत्म्यावरही! दोन्हीकडे मीच हौसेने लावलेला. मी घरचा समजून चक्क ऑफिसच्या डेस्कटॉपवर यादी ठेवली होती!

सहाला परत आलो तर मांडव मोकळा! एक खुर्ची नाही. बायका पायऱ्यांवर बसलेल्या. बाबा मात्र छाती फुगवून उभे.

"बाबा, खुर्च्या कुठायत?"

"गेल्या की! तुजा कागद घेऊन पाच गाड्या आल्या. तुजं नाव, कंपनीचा शिक्का. मी बोललो, पोरानं काय तरी बंदोबस्त केला असंल. पातेली तर मी सोता हात लावून चढवली!"

"अहो, पण का?"

"कागदावर 'ताबडतोब चढवा' लिवलाय, न्हाय का?"

तेवढ्यात फोन वाजला. हितेशभाई!

"देवेश! गोडाऊनमध्ये मटण आलंय! वाफा निघतायत!" हा माणूस कांदासुद्धा खात नाही हो!

"भाई, पाया पडतो, परत पाठवा! सातला पाहुणे येतील!"

"कसं पाठवू? वॉचमन काळूरामने गेटवर नोंद केलीय. चोवीस तास! तुझीच सिस्टिम ना?"

पासवर्ड टाकायला खोलीत धावलो. कॉम्प्युटर बंद! डीजेवाल्याने आपले चौदा बॉक्स आमच्या मीटरला जोडून फ्यूज उडवला होता. वायरमन म्हणाला, "दोन तास लागतील." पूर्वी पिवळ्या साडीत रडायला लागली. "दादूस, माझी हळद उपाशीपोटी आणि उभ्याने करणार का रे?"

तिचं तोंड बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी बाबाच गरजले, "माल येत न्हाय ना? मंग मानसं न्या!"

दारात ट्रान्सपोर्टच्या उशिरा आलेल्या सहा गाड्या रिकाम्या उभ्याच होत्या. चढवलं सगळ्यांना! नवरी, मावश्या, करवल्या, डीजे, हळदीची वाटी, बाईकसकट मी, सगळं कशेळीला!

आणि काय हळद झाली महाराजा! प्रेशर कुकरच्या खोक्यांमध्ये नवरीचा पाट. गोडाऊन एवढं मोठं की सहाशे माणसं नाचूनही जागा उरली! मटण गरमागरम! हितेशभाईंनी नुसता भात खाल्ला, पण मावशीने दोन्ही गालांना हळद फासल्यावर तेही कंबर हलवायला लागले. "देवेश," ते कानात ओरडले, "तुझी खुर्ची राहिली!" मी हवेत!

जेवणं उरकली. सकाळी नऊचा मुहूर्त, तोही पार अंबाडीला. आम्ही निघालो तर गेटचा दांडा खाली! समोर काळूराम, हातात रजिस्टर.

"कोणी जायचं नाही. चोवीस तास."

"अरे बाबा, ही माणसं आहेत!"

"मालाच्या गाडीतून आली ना? मग मी नग म्हणून घेतली. सिस्टिमच्या रजिस्टरात दुसरा रकानाच नाही, साहेब. तुम्हीच बनवलीय."

बाहेर जायचा दांडा सिस्टिमशिवाय उचलला जात नाही, हेही माझंच डोकं. पूर्वीने पुन्हा डोळ्याला पदर लावला. "दादूस, माझं लग्न!"

पण आता मी घाबरणारा नव्हतो. छाती पुढे काढली. "काही काळजी करू नको, पूर्वी! एव्हाना घरी लाईट आली असेल. मी एकटा बाईकवर जातो, पासवर्ड टाकतो, पाच मिनिटांत सगळे मोकळे! काळूराम, फक्त मला सोड."

काळूरामने बोटाला थुंकी लावली, सावकाश पान उलटलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला कसं सोडू, साहेब? नग क्रमांक चारशे बारा."