जतन होईपर्यंत

मूल तालुक्यातल्या एका गावात साडेदहा वाजले तरी तळ्यावर एक माणूस नव्हता. मासेमार सोसायटीच्या ओट्यावर रिंकू एकटीच लॅपटॉप मांडून बसली होती. सोसायटीसाठी तिने ॲप तयार केलं होतं. सकाळी जाळं घेऊन निघण्याआधी प्रत्येकाने घरूनच नवी नोंद तयार करायची, परतल्यावर मिळालेले मासे तिच्यात भरायचे. आज पहिल्याच दिवशी बारा सभासदांच्या बारा नोंदी दुपारी बारापर्यंत जतन झाल्या, तर ॲप मंजूर आणि ते सांभाळायला रिंकूही गावातच. नाहीतर सोमवारी नोकरीसाठी पुण्याची गाडी. तिला जायचं नव्हतं. तिच्या वडिलांना, सोमाजीलाही, ती जायला नको होती. पण घरात हा विषय दोघांनीही काढला नव्हता.

यादीत नोंदी शून्य. ती तडक घरी गेली. दाराला आतून कडी.

"बाबा, तळ्यावर काऊन नाई गेले?"

"आंधी आत ये!" सोमाजीने तिला ओढूनच घेतलं. "वाघ हाय."

"कोनं सांगतलं?"

"तुयाच ॲपानं."

त्याने फोन पुढे धरला. चाक फिरत होतं आणि खाली रिंकूचंच वाक्य होतं: 'नोंद जतन होत आहे. जतन होईपर्यंत बाहेर पडू नका.'

रिंकूने कपाळावर हात मारला. तिला म्हणायचं होतं, ॲपमधून बाहेर पडू नका. पण या गावाला असं फक्त वनखात्याचा भोंगा सांगतो, आणि कशासाठी सांगतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"वाघ नाई, बाबा. मीच लिवलं ते."

"मंग खोटं काऊन लिवलं?"

रिंकू दाराची कडी काढायला गेली.

"चाक थांबलं का निघतो," सोमाजी शांतपणे म्हणाला.

चाक थांबणार कसं? घरात रेंज नाही, रेंज दाराबाहेर. जतन व्हायला बाहेर पडायला हवं, आणि जतन झाल्याशिवाय कोणी बाहेर पडेना. रिंकू दारोदार फिरली. फोन तिच्या हाती देऊन पोरीला वाघाच्या तोंडी धाडायला कोणी तयार नव्हतं. ॲप मंजूर करणारे अध्यक्ष पत्रूभाऊ तर खिडकीतून सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "घरी जाय पयले!"

साडेअकराला रिंकू रिकाम्या हाताने घरी परतली, तेव्हा तिची आई गिरजा चुलीपासून उठली.

"माणसानं बाहेर नाई पडाचं ना? फोनले कोनं मना केलं?"

तिने फोन बांबूच्या टोकाला बांधला आणि खिडकीतून बाहेर काढला. चाक थांबलं. शेजारणीने पाहिलं, तिच्या शेजारणीने पाहिलं, आणि थोड्याच वेळात गल्लीभर खिडक्यांतून बांबू निघाले. शेवटचा बांबू पत्रूभाऊंचा होता. बाराला चार मिनिटं होती.

पत्रूभाऊ ओट्यावर आले, चष्मा लावून यादी वाचू लागले. बारा नावं. प्रत्येक नावापुढे, मासे: शून्य.

"बाराई नोंदी बराबर," ते गंभीरपणे म्हणाले. "आजचा दिवस बुडाला, तेई बराबर लिवलं. मंजूर."

सोमाजीने जाळं खांद्यावर घेतलं आणि तळ्याकडे तोंड केलं.

"आता ते वाक्य काढून टाक," तो म्हणाला. "तू राह्यली घरी. झालं त्याचं काम."