राखणदार माता

एवारिस्तो सामुदिओच्या टायरच्या दुकानाची भिंत पोरं दर शुक्रवारी स्प्रेने बरबटवायची आणि तो दर शनिवारी पांढरी करायचा. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये यावर एकच हमखास उपाय आहे. भिंतीवर ग्वादालूपेची माता, म्हणजे मेक्सिकन लोकांची मेरीमाता, काढून घ्यायची. तिच्यावर स्प्रे मारायची कुणाची छाती होत नाही.

चित्रकार लासारो मेक्सिकन मजुरांच्या चळवळीच्या दिवसांपासून भिंती रंगवत आला होता. तो म्हणाला, "द्राक्षमळ्यातला संप काढतो, वस्ताद. आपला इतिहास!"

"इतिहासाला पोरं मिशा काढतात. तू माता काढ."

"म्हणजे माझी कला तुझ्याकडे राखणदार?"

"पगारी," एवारिस्तो म्हणाला.

माता झाली, चांगली दहा फुटी. स्प्रे बंद पडला. सोमवारी समोरच्या म्हाताऱ्या दोन्या कूकाने (दोन्या म्हणजे बाई) काचेच्या बरणीतली मेणबत्ती आणून ठेवली. मंगळवारी तिच्या नातवाचा ताप उतरला. झालं! आठवड्याभरात बरण्यांची रांग रस्त्याला टेकली. गुलाब आले, खुर्च्या आल्या, सकाळ-संध्याकाळ जपमाळ सुरू झाली. दुकानाच्या फाटकातून गाडी आत शिरेना.

"दोन्या, जरा सरकता का? गिऱ्हाईक आलंय."

"मातेपुढे धंदा काढतोस? तुझी आई वरून बघतेय हो!"

तीन आठवड्यांत एकही टायर विकला गेला नाही. एवारिस्तोने लासारोला गाठलं. "पुसून टाक."

"तिच्या तोंडावर मी ब्रश फिरवू? तूच चढ शिडीवर."

एवारिस्तो पांढऱ्या रंगाची बादली घेऊन चढला. मातेच्या डोळ्यांशी पोचला, छातीवर क्रुसाची खूण केली, तिच्या गालावरची धूळ पुसली आणि उतरला. शेवटी त्याने स्प्रेवाल्या पोरांनाच विनवून पाहिलं.

"वेडबीड लागलंय का, काका? आजी जिवंत सोडेल?"

"दुकान विकून टाकतो," तो बायकोला, ओफेलियाला, म्हणाला. तेवढ्यात बाहेर फुस्सऽ झालं. जपमाळेला आलेल्या दोन्या कूकाच्या जावयाची गाडी फुटक्या बरणीवरून गेली होती. मागची गाडीही त्याच काचेवर बसली. दुपारपर्यंत सहा टायर विकले गेले. गाड्या आत घ्यायला दोन्या कूकाने स्वतः खुर्च्या उचलून फाटक मोकळं केलं.

ओफेलिया झाडू घेऊन आली. "आधी त्या काचा गोळा कर."

"राहू दे," एवारिस्तो गंभीरपणे म्हणाला. "मातेच्या अंगणात आपण ढवळाढवळ करायची नाही."

त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच जपमाळेला बसला. स्वतःची मेणबत्ती त्याने नम्रपणे सगळ्यांच्या मागे, अगदी रस्त्याच्या कडेला ठेवली. बरणी जरा पातळ काचेची होती.