भूतपूर्व आवाजाची नवी झेप

अल्बम बाजारात येण्याआधी त्याचं परीक्षण छापून आलं पाहिजे, आणि परीक्षण लिहिणाऱ्याला तो ऐकायला वेळ मिळता कामा नये, ही त्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीची जुनी शिस्त होती. ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती, म्हणूनच काटेकोरपणे पाळली जायची. संगीताचं सदर एकट्यानं चालवणाऱ्या समीक्षकांनी तर ती सव्वीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कंपनीकडून चार पानी पत्रक यायचं. ते दोनदा वाचायचं, चष्मा पुसायचा आणि लिहायला बसायचं. गायकाचा पहिला अल्बम असेल तर 'आश्वासक', दुसरा 'अपेक्षा उंचावणारा', तिसरा 'परिपक्व'. चौथ्यापासून आत्मशोध सुरू व्हायचा. या क्रमाबद्दल आजवर एकाही गायकाची तक्रार आलेली नव्हती आणि वाचकांची यायचा प्रश्नच नव्हता.

या खेपेला मात्र अडचण होती. अल्बम होता 'वादळ' या नावानं गाजलेल्या गायिकेचा, आणि तोही सातवा. वादळ म्हणजे साधं प्रकरण नव्हे. ती धुरातून वर यायची, प्रत्येक गाण्यात दोनदा गुडघ्यांवर कोसळायची, आणि मागच्या दौऱ्यात तिनं मोटरसायकल थेट पियानोवर घातली होती. तिचं नुसतं "कसे आहात मंडळी?" सुद्धा तीन टप्प्यांत चढत जाऊन शेवटी किंकाळीत संपायचं. सहा अल्बमांत समीक्षकांची सगळी विशेषणं तिच्यावर खर्च झाली होती. शिल्लक एकच होतं.

त्यात संपादकांनी बोलावून सांगितलं होतं, "हे बघा, तुमचं सदर कोणी वाचत नाही. सव्वीस वर्षांत तीन पत्रं आली, त्यातली दोन पत्ता चुकून आलेली. आता शेवटची संधी. काही हालचाल झाली तर ठीक, नाहीतर त्या जागेवर शब्दकोडं टाकतोय. तयार आहे ते."

त्या सदराखेरीज समीक्षकांना जगात कोणी ओळखत नव्हतं. सदरामुळेही फारसं नव्हतं, पण निदान त्यांचा फोटो तिथे होता. त्यांनी जीव ओतून लिहिलं. 'अभूतपूर्व' हा शब्द शीर्षकात एकदा आणि आत अकरा वेळा वापरला. पत्रकात शेवटी एक ओळ होती, 'नवव्या गाण्याविषयी गायिका काही बोलू इच्छित नाहीत.' तिच्यातून विशेषण निघेना, म्हणून समीक्षकांनी नववं गाणं सोडून दिलं.

रविवारी सकाळी त्यांनी पुरवणी उघडली आणि चहाचा कप तसाच हातात राहिला. ठळक अक्षरांत छापलं होतं: 'भूतपूर्व आवाजाची नवी झेप'. खाली पहिलंच वाक्य होतं, 'भूतपूर्व ताकद, भूतपूर्व सौंदर्य आणि भूतपूर्व लोकप्रियता लाभलेली ही गायिका...' पुढचं त्यांना वाचवेना.

सोमवारी ते थेट पानं जुळवणाऱ्याच्या टेबलापाशी गेले. हा शांत गृहस्थ होता. जगातल्या सगळ्या गोष्टी तो रकान्यात बसतात की नाही एवढंच पाहायचा.

"'अभूतपूर्व'मधला 'अ' कुठे गेला?"

"बसत नव्हता."

"बसत नव्हता म्हणजे?"

"एक अक्षर जास्त होत होतं. शेवटचं काढलं असतं तर 'नवी झे' राहिलं असतं. वाईट दिसतं ते. म्हणून पहिलं काढलं. नुसता 'अ' तर होता, साहेब!"

"आणि आतले अकरा?"

"शीर्षकात एक आणि मजकुरात एक, असं कसं चालेल? एकवाक्यता नको? सगळे एकदम काढले. अर्ध्या मिनिटाचं काम." त्यानं हे अशा समाधानानं सांगितलं, की समीक्षकांना क्षणभर आभार मानावेसे वाटले.

एवढ्यात संपादकांचं बोलावणं आलं. आता शब्दकोडं नक्की, असं मनाशी म्हणत समीक्षक आत गेले, तर संपादक चक्क उठून उभे राहिले.

"शाब्बास! चारशे बारा पत्रं! काय हिंमत केलीत हो! जे सगळ्यांच्या मनात होतं ते तुम्ही एका शब्दात सांगितलंत."

"साहेब, खरं म्हणजे ती छपाईची..."

"चूक?" संपादक पुन्हा बसले. "चूक असेल तर शुद्धिपत्र द्यावं लागेल. चुकीचं सदर चालू ठेवता येणार नाही. मग शब्दकोडं. बोला, चूक आहे का?"

समीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "शब्दाला अनेक पदर असतात."

"तेच म्हणतो मी!" संपादक म्हणाले, आणि फोटो मोठा करायचा हुकूम सुटला.

तरीही समीक्षकांचं मन खात होतं. दुपारी कोणी पाहत नाही असं बघून ते शुद्धिपत्र कक्षात जाऊन आले. निदान जाऊन आलो असं पुढे म्हणता यावं म्हणून. तिथल्या बाईंनी नियमांची वही उघडली.

"लेखकाला स्वतःच्या लेखाविरुद्ध तक्रार करता येत नाही. वाचकानं करावी लागते."

"पण वाचक तर खूश आहेत!"

"मग चूक झालेलीच नाही."

"माझ्या बायकोनं केली तर?"

"नातेवाइकांची चालत नाही. जिच्याविषयी लिहिलंय तिनं स्वतः येऊन, लेखी दिली तर चालेल." बाईंनी वही मिटली. समीक्षकांना हायसं वाटलं. आता सगळं वादळाच्या हातात होतं.

इकडे बाकीच्या वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांची धांदल उडाली. त्यांनीही तेच पत्रक वाचून तीच स्तुती केली होती, आणि आता ती उघडी पडली होती. एकानं लगेच लिहिलं की, आपल्याला चौथ्या अल्बमपासूनच ही भूतपूर्वता जाणवत होती, पण सभ्यता आड आली. दुसऱ्यानं खुलासा केला की भूतपूर्व असणं हा दोष नसून ती एक अवस्था आहे. महिनाअखेरीला विद्यापीठात 'भूतपूर्वतेचं सौंदर्यशास्त्र' या विषयावर दोन दिवसांचा परिसंवाद ठरला आणि बीजभाषणासाठी समीक्षकांना बोलावणं आलं. त्यांनी ते आढेवेढे घेऊन स्वीकारलं.

गुरुवारी वादळ स्वतः कार्यालयात आली. दार धाडकन उघडून ती उंबऱ्यावर टाळ्यांपुरती थांबली. टाळ्या पडल्या नाहीत तेव्हा आत आली, खुर्चीवर बसली, उठली, खिडकीपाशी गेली आणि तिथून वळून तिनं हात पसरले. हिशेबनिसांपासून सगळे काचेला नाक लावून उभे.

"सात वर्षं!" ती म्हणाली. "सात वर्षांत माझ्याशी खरं बोलणारे तुम्ही पहिले!"

समीक्षकांनी तक्रारीचा छापील अर्ज खणातून अर्धा बाहेर काढला होता, तो पुन्हा आत सारला.

मग ती एकदम साध्या आवाजात बोलू लागली. तो आवाज तिचाच आहे यावर विश्वास बसेना. "एक विचारायचं होतं. नवव्या गाण्याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत."

"नवव्या," समीक्षक म्हणाले.

"पहिल्यांदाच न ओरडता गायले. आई गेली, तिचा चष्मा घरात पडून आहे, त्याचा नंबर कोणालाच लागत नाही. एवढंच आहे त्यात. कंपनी नको म्हणत होती, मी भीत भीत घातलं. तुम्ही कोणाचं ऐकून लिहीत नाही, म्हणून विचारते. ठेवू की काढू?"

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं: ते ऐकलेलं नाही. पण त्या तीन शब्दांच्या मागे सव्वीस वर्षं रांगेत उभी होती, आणि त्यांच्या मागे शब्दकोडं. समीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"काही ठिकाणी," ते सावकाश म्हणाले, "समीक्षकाचं मौन हेच त्याचं मत असतं."

ती गुडघ्यांवर कोसळली नाही, हातही पसरले नाहीत. "कळलं," एवढंच म्हणून ती निघून गेली आणि जाताना तिनं दार हलक्या हातानं लावलं.

पुढच्या आठवड्यात अल्बमची सुधारित आवृत्ती आली. त्यात आठ गाणी होती. जुनी आवृत्ती परत मागवण्यात आली आणि गायिकेनं दाखवलेल्या संयमाचं सगळ्या समीक्षकांनी स्वागत केलं.

समीक्षकांची बायको एका दवाखान्यात लोकांची श्रवणचाचणी घ्यायची. नवऱ्याचं लेखन ती वाचत नसे, पण गाणी मन लावून ऐकायची. तिनं जुनी प्रत पहिल्याच दिवशी घेतली होती. संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "अहो, नववं गाणं का हो काढायला लावलंत? सगळ्यात चांगलं तेच होतं."

"अगं, मी कुठे काढायला लावलं? मी तर काहीच बोललो नाही."

"ऐकलंत तरी का?"

समीक्षक गप्प राहिले. हेही मौन मत म्हणून खपेल अशी त्यांना आशा होती, पण हे घर होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. बाहेरचा आवाज न येणाऱ्या तिथल्या लहान खोलीत बसवून आधी रीतसर चाचणी घेतली. "कान ठणठणीत आहेत तुमचे," ती म्हणाली. "असणारच. वापरलेत कुठे?" आणि तिनं नववं गाणं लावून दार ओढून घेतलं.

ढोल नव्हते, किंकाळी नव्हती. कोणीतरी खुर्चीत बसून गात होतं. मधेच ती खुर्ची करकरली, तेही तसंच ठेवलं होतं. चष्म्याच्या काचेवर बोटाचा ठसा आहे, तो पुसायचा की नाही, इथे तिचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. समीक्षकांनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी ते रडले, आणि गाण्यासाठी रडलो की स्वतःच्या लाजेसाठी हे त्यांना ठरवता येईना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी लिहावंसं वाटलं.

त्यांनी एकही विशेषण न वापरता लिहिलं: 'हा अल्बम न ऐकताच मी त्यावर लिहिलं होतं. मला अभूतपूर्व म्हणायचं होतं, आणि तेही मनापासून नव्हतं. आता नववं गाणं ऐकलं. ते माझ्यामुळे गेलं. ते परत आणा.'

संपादक वाचता वाचता पोट धरून हसले. "काय उपरोध आहे! समीक्षक अल्बम न ऐकताच लिहितो! कल्पना तरी बघा!"

"साहेब, हे खरं आहे."

"बास, बास! तोंडावरची सुरकुती हलू न देता बोलताय, मानलं तुम्हाला." मजकूर चौकटीत छापला गेला. पानं जुळवणाऱ्यानं एकही अक्षर काढलं नाही, कारण या वेळी सगळं बसलं. नऊशे पत्रं आली. समीक्षकांना वर्षातल्या सर्वोत्कृष्ट विनोदी लेखनाचा मान जाहीर झाला. वादळाकडूनही एक चिठ्ठी आली. तिच्यात एकच ओळ होती: 'एवढी थट्टा नको होती.'

समीक्षकांनी ती चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली. सदर चालू आहे.

वाचकांचा उत्साह पाहून पुरवणीनं आता जनमत घेतलं आहे: 'नववं गाणं काढलं हे योग्य झालं का?' एकसष्ट टक्के वाचक 'हो' म्हणाले, चौतीस टक्के 'नाही', पाच टक्क्यांना सांगता येत नाही. 'गाणं ऐकलेलं नाही' असा चौथा पर्याय होता, पण रकान्यात तो बसत नव्हता, म्हणून पानं जुळवणाऱ्यानं काढून टाकला. त्याबद्दल एकाही वाचकानं तक्रार केली नाही. आपण ही कथा इथवर वाचलीत, म्हणजे त्या गाण्याविषयी आपलंही मत झालेलंच असणार; ते मोजून झालं आहे.