सासूबाईंसाठी ओतलेल्या गोळ्या

"यंदा हरलो तर माझं काही खरं नाही," गॅरेजमध्ये वितळलेलं शिसं ढवळत एल्गिन टॉलिव्हर पुटपुटला.

खोटं नव्हतं. बर्फ पडायच्या आत सासूबाईंना मोंटानाहून दूर दक्षिणेला, उबदार ॲरिझोनाला पोचवावं लागतं. ट्रकमधून, त्यांच्या ॲकॉर्डियनसकट. आणि त्या वाटभर वाजवतात! क्लबात दरसाल घरी ओतलेल्या गोळ्यांची नेमबाजी असते. एल्गिन आणि त्याचा मेव्हणा बर्डेट, दोघांत जो हरेल त्यानं म्हातारीला न्यायचं, असा करार. बर्डेट सख्खा मुलगा, पण ॲकॉर्डियन म्हटलं की त्यालाही दरदरून घाम फुटतो.

गेल्या साली एल्गिनच्या गोळ्या लग्नातल्या अक्षतांसारख्या चहूकडे उडाल्या होत्या. म्हणून यंदा गड्यानं कंबर कसली. शिशात कथिल घातलं, साचा नीट तापवला, एकेक गोळी सोनारासारखी तोलली. सुरकुती दिसली की गोळी परत भांड्यात. राहिलं वंगण. ते नसलं तर शिसं बंदुकीच्या नळीला चिकटतं आणि नेमाचे तीन तेरा वाजतात. एल्गिनचं खास वंगण म्हणजे मेण आणि अस्वलाची चरबी.

चरबी तापली तशी बायको डोरीन नाक धरून आली. "अहो, इथं अस्वल मेलंय का?"

"मेलेलंच आहे गं, वितळवतोय."

"मग दार लावून वितळवा! मैलभर वास सुटलाय."

दार लावलं, धूर आत कोंडला आणि चष्म्यावर चरबीचा थर बसला. त्यानं तो शर्टाला पुसला. शर्टाला त्याहून जास्त चरबी! तेवढ्यात नेमबाजीला उशीर झाला म्हणून डोरीननं त्याला ट्रकमध्ये कोंबलं.

मैदानावर एल्गिनला सगळं धुक्यात दिसत होतं. चरबीच्या वासानं क्लबाचा कुत्रा त्याचा कान चाटत होता.

"दाजी, चष्मा धुवा की!" शेजारच्या जागेवरून बर्डेट म्हणाला.

"तू तुझं बघ लेका! गोळी चांगली असली की डोळे कशाला लागतात?"

धाड धाड दोघांचे पाच-पाच बार झाले. पंच न्यूटनं दुर्बीण लावली. "एल्गिन, तुझा निशाणाचा कागद कोरा आहे रे! आणि बर्डेटच्या कागदाला दहा भोकं!"

पाच भोकं वाट चुकल्यासारखी. उरलेली पाच मात्र मधोमध, एका नाण्याखाली झाकतील अशी. एल्गिन नाचायलाच लागला. "बघा, बघा! काय गोळ्या ओतल्यात!"

"पण कुणाच्या कागदावर?" न्यूट म्हणाला. क्लबाचा नियम सरळ होता: दुसऱ्याच्या कागदावर मारेल त्याला भोपळा, आणि भोकं जादा झाली तर कागदवाल्याची चांगली पाच धरायची. बर्डेटला पन्नासपैकी पन्नास!

"दाजी, बारांसाठी घातलेली कानातली बुचं काढूच नका," बर्डेट खिदळला. "पार ॲरिझोनापर्यंत लागतील."

बाकावर बसलेल्या सासूबाई ताडकन उठल्या. "थांबा! समोरच्या कागदांत आपला कुठला ते कळत नाही, त्याला ॲरिझोना सापडणार? हे जावईबापू मला उलट्या दिशेला कॅनडात नेऊन सोडतील. मी नाही बसायची!" मग लेकाच्या गालाचा मुका घेत म्हणाल्या, "माझ्या सोन्याचा नेम बघा! पन्नासपैकी पन्नास! बर्डेट, ट्रक काढ."